डालड्याच्या डब्यातले थर्मोस्टॅट

नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात मी 1972 साली पाने पुसायला लागलो, तिथे फळीवर डालड्याचा एक रिकामा डबा असे. त्यात काढून टाकलेले थर्मोस्टॅट साठत, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपा. ‘गाडी तापते’ म्हणून कुणीही आलं की वरचा होज सुटायचा, थर्मोस्टॅट डब्यात पडायचा आणि होज परत बसायचा. वस्ताद म्हणायचे, “आपल्याकडे ऊन काय कमी आहे? ही थंड देशातली वस्तू.” पुढे वीस वर्षं मीही तेच केलं आणि तेच सांगितलं.

1991 साली माझ्याकडे एक फियाट 1100 आली. शोलावरमला धावलेली गाडी. मद्रासजवळची ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, आणि युद्धानंतर कित्येक वर्षं देशातली एक मोठी मोटारशर्यत तिथे होई. 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक सुरू झाला आणि शोलावरमचं पर्व संपलं. तिथल्या गाड्यांपैकी ही एक घरगुती वापराला म्हणून पुण्यात पोचली होती. इंजिन तेच कुर्ल्याच्या कारखान्यातलं, 1089 सीसी, 68 चा बोअर आणि 75 चा स्ट्रोक; पण हेड घासून कॉम्प्रेशन चढवलेलं, वर दोन कार्बोरेटर, मागची सीट गायब.

मालकाची तक्रार ऐकून मला नवल वाटलं. गाडी तापत नव्हती, गार राहत होती. डिसेंबरातल्या सकाळी कोथरूडहून कॅम्पात पोचेपर्यंत काटा पन्नाशीच्या पुढे सरकत नसे. चोक आत ढकलला की इंजिन अडखळे. तेलाच्या झाकणाखाली ताकावर लोणी यावं तसा पांढरट थर होता आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता.

वरचा होज काढला. थर्मोस्टॅट नव्हताच, त्याच्या जागी मधोमध भोक पाडलेली एक जाड चकती होती. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. शर्यतवाल्यांनी थर्मोस्टॅट काढला होता, पण जागा मोकळी सोडली नव्हती. पंप पाणी ढकलतो तेव्हा वर थोडी अडवणूक असेल तर ब्लॉकमध्ये दाब टिकतो, आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपास, जिथे धातू सर्वांत जास्त तापतो, तिथे वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. शर्यतीत अडकलेल्या थर्मोस्टॅटपायी इंजिन गमावायचं नाही म्हणून त्यांनी झडप काढली, आणि तिचं हे दुसरं काम चकतीवर सोपवलं. आम्ही मात्र वीस वर्षं नुसती भोकं उघडी टाकत आलो होतो.

त्या रात्री मी थर्मोस्टॅटचा इतिहास शोधू लागलो. फोर्डच्या मॉडेल टीला थर्मोस्टॅट नव्हता. पाणी तापलं की आपोआप वर चढे, गार झालं की खाली उतरे. 1914 च्या कॅडिलॅकमध्ये पाण्याच्या तापमानावर चालणारी झडप आली. सुरुवातीच्या झडपा भात्यासारख्या असत, आत लवकर वाफ होणारा द्रव. भाता फुटला तर झडप बहुधा उघडीच राही, गाडी गार चाले पण बंद पडत नसे. पुढे रेडिएटरला दाबाचं झाकण आलं. त्या दाबाने भाता फसायला लागला आणि सर्जियस व्हर्नेटने 1934 मध्ये शोधलेली मेणाची झडप सगळीकडे गेली. मेण वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. पण ही झडप बिघडली तर बरेचदा बंदच राहते.

आता डालड्याच्या डब्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. तेव्हा कूलंट कुणी घालत नसे. विहिरीचं, नळाचं, बोरघाटात तर वाटेत मिळेल ते पाणी. खार आणि गंज धरून झडपा अडकत, हेड वाकत, नवा सुटा भाग महिनोन्‌महिने मिळत नसे. टॅक्सीवाल्याचा एक दिवस बुडाला तर घरी चूल पेटायची पंचाईत. अशा वेळी वस्तादांनी झडप काढली, यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक आमची, की कारण संपलं तरी आम्ही रिवाज धरून बसलो. गार सिलिंडरच्या भिंतीवर पाण्याचं दव धरतं, त्यात जळलेल्या पेट्रोलचं आम्ल मिसळतं आणि बोअर झिजतो. इंग्लंडमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संशोधकांनी हे 1930 च्या दशकातच दाखवून दिलं होतं. मी ज्या फियाटींना अकाली ‘ओव्हरसाइज’ रिंगा घातल्या, त्यातल्या किती माझ्याच हाताने झिजल्या असतील, याचा विचार मला आजही टोचतो.

त्या गाडीला 82 अंशांचा थर्मोस्टॅट आणला. आधी दोऱ्याचं टोक झडपेत चिमटून तो पातेल्यातल्या पाण्यात टांगला, शेजारी थर्मामीटर. ऐंशी ओलांडले आणि झडप दोरा सोडून टपकन तळाशी गेली. बसण्याची खोबण खरवडून साफ केली. कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, हवा अडकू नये म्हणून, आणि ते भोक वर ठेवलं. मेणाची कुपी इंजिनाकडे. नवं गॅस्केट, पाण्यात कूलंट. शोलावरमची चकती मालकाने ठेवून घेतली; ती त्या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे, फेकायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा दहा मिनिटांत ऐंशीवर आला आणि तिथेच थांबला. महिन्याभरात झाकणाखालचं लोणी गेलं.

याच फियाटचं पुढचं रूप असलेल्या पद्मिनीची मुंबईतली शेवटची टॅक्सी, तिची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. आता या गाड्या हौसेनेच सांभाळल्या जातात आणि मिस्त्रीही थोडेच उरलेत. तुमच्या दारात जुनी फियाट उभी असेल तर थंडी पडायच्या आत तिचा वरचा होज एकदा काढून बघा. जागा रिकामी दिसली तर थर्मोस्टॅट आणा, पातेल्यात तपासा आणि बसवा. काढून टाकणारा मिस्त्री हयात असेल, तर त्याने तो का काढला हेही त्याला विचारून लिहून ठेवा.