जबानी व दास्याचा इतिहास
जबानी व दास्याचा इतिहास : दास्य किंवा वेठबिगारी भोगलेल्यांच्या ध्वनिमुद्रित अथवा शब्दशः टिपलेल्या तोंडी निवेदनांवरून दास्यसंस्थेचा इतिहास शिकविण्याची पद्धती.

पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या (दासींच्या) खरेदीविक्रीच्या नोंदी विपुल आहेत. त्यांत किंमत आणि धनी यांचा उल्लेख सापडतो, परंतु विकल्या गेलेल्या स्त्रीचे स्वतःचे म्हणणे क्वचितच. १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी दास्यजन्य हक्क मानणे बंद केले, तरी कर्जापोटी माणूस बांधून घेण्याची रीत उरलीच. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा ‘लग्नगड्यां’च्या हकिकती गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदविल्या आहेत. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर गेली, की हिशेबाची वही धन्याच्या हाती आणि हिशेबाची आठवण तेवढी कुटुंबाच्या तोंडी राहते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने या तोंडी म्हणण्यास वजन दिले : कर्ज वेठीचे आहे असे मजुराने म्हटल्यास, ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ अन्वये धनकोवर पडतो.

याच रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी तोंडी परंपरेचे सामर्थ्य सहज प्रत्ययास येते. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे शव मढे घाटाने या त्यांच्या गावी आणल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि त्यांच्या पराक्रमाची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने घरोघर नेली. वीराला शाहीर लाभतो. वेठीला गेलेल्यास मात्र आपली कथा आपल्याच तोंडाने सांगावी लागते.

अशा निवेदनांचा सर्वांत विख्यात संग्रह अमेरिकेतील असून १९३६ ते १९३८ या काळात तेथे पूर्वाश्रमीच्या गुलामांची दोन हजारांहून अधिक निवेदने लिहून घेण्यात आली. सांगणारे बहुतेक वृद्ध होते व त्यांचे दास्य बालपणातले होते. चार्ल्सटन येथील सुसान हॅम्लिन या वृद्धेने गोऱ्या मुलाखतकर्तीपुढे धन्याचा भलेपणा वर्णिला, तर कृष्णवर्णीय मुलाखतकर्त्यापुढे फटक्यांची व मुले विकली गेल्याची हकीकत सांगितली. वर्गात ही दोन निवेदने शेजारी ठेवून वाचण्याचा पाठ अध्यापकांत रूढ आहे. कोणते निवेदन खरे, एवढ्यावरच न थांबता, बाई कोणापुढे बोलत होती आणि बोलण्याचे तिला भय काय होते, हे विद्यार्थ्यांनी शोधावयाचे असते.

मराठी विद्यार्थ्यास ही दृष्टी परकी नाही. जुन्या महजरात (निवाडापत्रात) वादाच्या आधी ‘हाजिर मजालसी’ची, म्हणजे सभेस उपस्थित असलेल्यांची, नावे लिहीत; निवेदन ऐकण्यापूर्वीही तशीच यादी मागावी.