पोचवून येतो

माझ्या बाबांना एक सवय होती. येष्टी हलली की तिच्या पत्र्यावर ते उघड्या पंजाने दोनदा थाप मारायचे. धप्, धप्. कंडक्टरने घंटी दिलेली असायची, ड्रायव्हरने गिअर टाकलेला असायचा, बाबांच्या थापेवाचून कोणाचंच काही अडलेलं नसायचं. तरी ती मारल्याशिवाय गाडी पुसदच्या स्टँडवरून खरी सुटत नाही, असा त्यांचा पक्का समज असावा. 1980च्या पावसाळ्यात मी अमरावतीला शिकायला निघालो. खिडकीच्या गजांतून त्यांचं तोंड काही मला नीट दिसलं नाही. पण थाप ऐकू आली, अगदी बुडाखालच्या बाकापर्यंत.

ही थाप आमच्या घरात बैलांवरून आली. आजोबांचं खेडं पुसदपासून तीन कोसांवर. बंडी जुंपून सालदार निघाला की आजोबा बैलाच्या पुठ्ठ्यावर अशीच थाप मारत आणि म्हणत, "जा, पोचव." ते बैलाला सांगत की सालदाराला, हे मला कधी कळलं नाही. बंडीत कधी कापसाचं बोंदरं असे, कधी पोळ्याच्या बाजारातून आणलेल्या झुली असत, आणि दर सोमवारी पहाटे माझे बाबा असत, वय वर्षं दहा-अकरा, मांडीवर दशम्यांचं फडकं आणि त्यात जवसाची चटणी.

बाबा पुसदला शाळेत कसे गेले, याच्या आमच्याकडे दोन कथा आहेत. एक आजोबांची, एक आजीची. दोघंही शेवटपर्यंत आपापल्या कथेवरून हटले नाहीत.

आजोबांच्या कथेत गहुलीचे फुलसिंग नाईक येतात. तांड्याचा हा नाईक स्वतः फारसा शिकलेला नसावा, पण राजूसिंग आणि वसंतराव या दोन्ही मुलांना त्याने शाळेत घातलं. तेव्हा एका खेड्यात एक इयत्ता, तर पुढची दुसऱ्या खेड्यात. पोहरादेवी, उमरी, बान्सी, भोजला अशी गावं आजोबा बोटं मोडून मोजत. दरवेळी क्रम बदलायचा आणि एखाददुसरं गाव वाढायचंही. "पोट्टं पायी जाये, इयत्तेमागं गाव बदले," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघत, जणू माझी शाळा दोन गल्ल्यांवर असणं हा माझाच गुन्हा. ते पोट्टं, म्हणजे वसंतराव, पुढे वकील झालं, 1946 साली पुसदचं नगराध्यक्ष झालं आणि 5 डिसेंबर 1963ला राज्याचं मुख्यमंत्री. मी त्याच हिवाळ्यातला. आजीला माझी जन्मतारीख विचारली की ती म्हणे, "नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले, त्याच्या मागच्या-पुढच्या आठवड्यात." मागच्या की पुढच्या, यावर तिचं आईशी वाजायचं.

नाईकसाहेबांनी फेब्रुवारी 1975मध्ये पद सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यामुळे मुख्यमंत्री हे पद बदलतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मला वाटे, ते एक नातं आहे. चुलता, मामा, मुख्यमंत्री. त्यात पुसदच्या प्रत्येक म्हाताऱ्याने कधी ना कधी त्यांच्यासोबत चहा घेतलेला असतो. आजोबांनीही घेतला होता. कपबशीचं वर्णन मात्र ते दरवेळी वेगळं करत.

आजीची कथा पेनगंगेपलीकडची आहे. आता आपण नांदेडला, हिंगोलीला दुपारच्या लग्नाला जाऊन येतो, पण तेव्हा नदीपलीकडे मोगलाई होती, निजामाचं राज्य. खरं तर आम्हीही एकेकाळी तिकडचेच. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, म्हणून आम्ही अलीकडचे झालो. 1948च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने पलीकडची माणसं बायकापोरांसह अलीकडे येत होती. आमच्या गोठ्यात एक कुटुंब काही महिने राहिलं. आजी सांगे, "चार पायल्यांचं पीठ दोन दिवस पुरेना." त्या माणसाने आल्या दिवशी भाकर खाल्ली, ढोरांच्या पाण्याने हातपाय धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना विचारलं, "लेकराच्या शाळेचं कसं करावं जी?" त्याच्या पोराला उर्दू अक्षरं येत होती, मराठी येत नव्हती. बाबांना तेव्हा दोन्ही येत नव्हती. ते वासरं राखत.

आजीचं म्हणणं असं, की घरदार टाकून आलेला माणूस शाळा विचारतो आणि आपलं पोरगं वासरामागं, याची आजोबांना लाज वाटली. पुढच्या जूनमध्ये बाबा पुसदला. मी आजीच्या बाजूचा आहे. थोर माणसाचं उदाहरण घ्यायला कोणालाही आवडतं. गोठ्यात झोपलेल्या माणसाकडून शिकलो, हे सांगायला जड जातं. त्या कुटुंबाचं पुढे काय झालं ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, आणि ते लोक पोळ्याच्या सुमारास नदी उतरून गेले की दसऱ्याच्या, यावरही घरात दोन मतं.

आजोबांच्या सगळ्याच कथांना असं कुठेतरी ठिगळ असे. 10 जुलै 1930ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापायचं आणि अटक करून घ्यायची. आजोबा तेव्हा बाराएक वर्षांचे. घरी न सांगता मी बघायला गेलो होतो, असं ते सांगत. गर्दी, पाऊस, चिखल, टोप्या, सगळं हुबेहूब. संध्याकाळी घरी परतल्यावर पणजोबा वसकन अंगावर आले. सरकारविरुद्ध गेला म्हणून नव्हे हो. "येवढं गवत कापलं तं गाईसाठी पेंढीभर आणलं काहून नाही?" ही कथा आम्ही शंभरदा ऐकली. आजोबांची बहीण माहेरपणाला आली की पदराआड हसून म्हणे, "हा त्या दिवशी तापानं फणफणला होता, घोंगडीत." कोण खरं, देव जाणे. पणजोबांचं ते वाक्य मात्र खरं असणार. असलं वाक्य रचायला आजोबांच्या अंगात विनोद नव्हता.

बाबा शिकून एका अडत्याकडे दिवाणजी झाले. पहिल्या वेचणीच्या सीतादहीपासून शेवटच्या उलंगवाडीपर्यंत त्यांच्या भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. बोलणं मोजकं. त्यांच्या मायेचं माप म्हणजे त्यांची सायकल. काळी, चोवीस इंची, मागे खटाऱ्यासारखं कॅरिअर. आमच्या घरात पोर किती वाढलं ते सायकलवरच्या जागेवरून कळे. आधी पुढच्या दांडीवर, टॉवेलची घडी घालून. दांडीवरच्या पोराला बाबांचा श्वास टाळूवर लागायचा, तंबाखू आणि सरकीचा मिळून एक वास. मग कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला. मग कैची, दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून, अर्धंच पायडल. मग दांडीवरून, बूड डावी-उजवीकडे लोंबकळत. आणि एक दिवस सीटवर. सीटवर बसलेल्या पोराशी बाबांचं बोलणं आणखी कमी व्हायचं. आता त्याला रस्ता ठाऊक आहे, अशा हिशेबाने.

बहात्तरच्या दुष्काळात मी दांडी सोडून कॅरिअरवर आलो होतो. शाळेत सुकडी मिळे, रेशनला लाल मिलो. त्याची भाकर तव्यावर फुगायचीच नाही, आणि आजी तिला शिव्या घाली तशा सुनेलाही घालत नसे. पूस धरण नुकतंच झालेलं; त्या वर्षी लोक त्याचं पाणी बघायला जात, जत्रेला जावं तसे. हायब्रीड ज्वारी त्याच्या थोडी आधीची. आजोबांनी ती पेरली, पोती भरून घरात घेतली आणि वर तिला नावं ठेवली. "वाढते लवकर, पण चव नाही, कडब्यात दम नाही." पुढे हा शब्द आम्हा नातवंडांना चिकटला. थंडी वाजते म्हटलं की हायब्रीड, भाजीत मिरची लागली की हायब्रीड. परवा मीही माझ्या पोराला म्हणालो, पंख्याशिवाय झोप येत नाही म्हणाला तेव्हा. म्हणताना माझा आवाज आजोबांचा निघाला. मलाच दचकायला झालं.

माझी दोन लेकरं, थोरला पोरगा आणि धाकटी पोरगी. त्यांना मी त्याच सायकलवर नेलं. ल्युना नंतर आली. बाबांकडून मी सगळं शिकलो, एक सोडून. कॅरिअरवरच्या पोराचे पाय ते फडक्याने हलके बांधत, मला तो अजागळपणा वाटे. थोरला पाच वर्षांचा असताना त्याची टाच चाकाच्या तारांत गेली. रक्त, किंकाळ्या, सहा टाके. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकलपाशी गेलो तर हँडलला एक धुतलेलं फडकं गाठ मारून ठेवलेलं. बोलले असते तर परवडलं असतं.

धाकटीचं वेगळं. ती कैचीवर थांबलीच नाही, सरळ दांडीवरून चालवू लागली. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी आमच्या घरी आल्या की खिरापत ओळखायची. आजीने, म्हणजे माझ्या आईने, डब्यात काय लपवलंय ते ती वास न घेता डब्याच्या आवाजावरून सांगे. मुरमुरे, खारका, फुटाणे. एकदाच चुकली, आईने डब्यात नुसते खडे घातले तेव्हा. शिकली फुलसिंग नाईक महाविद्यालयात. प्रवेशाच्या दिवशी मी तिला सांगत होतो, अगं, या माणसाने स्वतःच्या पोरांना... ती म्हणाली, "बाबा, पोहरादेवी, उमरी, बान्सी, भोजला. पाठ आहे मला." क्रम आजोबांचाच होता. कोणत्या वेळचा, ते सांगता येत नाही.

पुसदचं एक आहे. इथे पोरांना पाठवायला रेल्वेचा फलाट नाही. आजोबा म्हणायचे, "येईल." बाबा म्हणायचे, "मोजणी होणार म्हणतात." वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड मार्ग मंजूर झाला, 2024च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरूही झाली. कळंबपासून पुसद अजून बरंच लांब. त्यामुळे आमच्या तीन पिढ्यांची रडारड बंडीजवळ, येष्टीजवळ आणि आता ट्रॅव्हल्सजवळ झाली. रडारड म्हणजे बायकांची. पुरुष डिक्कीत बॅग नीट बसते का ते बघतात, ती बसलेली असली तरी काढून परत बसवतात, आणि "पैसे आतल्या खिशात ठेव" असं सांगतात. पोराच्या खिशात आता पैसे नसतातच, फोन असतो. तरी सांगतात.

थोरला पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा मी बाबांनाही सोबत नेलं. त्यांना गुडघ्यांनी धरलं होतं, काठी होती. ती एसी गाडी, काचा बंद, काळ्या. पोरगा कुठल्या खिडकीत आहे तेही दिसेना. गाडी हलली तशी बाबांनी काठी माझ्या हातात दिली, दोन पावलं पुढे गेले आणि थाप मारली. धप्, धप्. क्लिनर दारातून ओरडला, "ओ काका, पेंट, पेंट!" बाबांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. घरी येईस्तोवर ते काही बोलले नाहीत. चहा पिताना म्हणाले, "बैल बरे होते. त्यांले समजे."

बाबा गेले त्या मे महिन्यात पूस नदीला पाण्याची नुसती रेघ होती. आमच्याकडे मसणवटीहून आल्यावरही "पोचवून आलो" असंच म्हणतात. त्या दिवशी गाडीचं मागचं दार लागलं तेव्हा माझा हात उचलला गेला होता. भावाने पाहिलं. मी तो हात डोक्यावरून फिरवला आणि टोपी नीट केली.

धाकटी आता यवतमाळला असते, स्वतःची गाडी चालवते. मागच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला मला नागपूरला घेऊन गेली, आणून सोडलं, औषधांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या आणि दिवस मावळायच्या आत निघाली. डोळ्यावर हिरवी पट्टी. गाडी फाटकातून बाहेर पडताना मी अंदाजाने हात टाकला. एक थाप डिक्कीवर बसली, दुसरी हवेत. पुढे जाऊन ती थांबली, काच खाली केली आणि ओरडली, "बाबा, दुसरी राहिली!" मागे घेतली गाडी तिने, दहा-बारा फूट.

कधी संध्याकाळी पुसदला आलात, तर ट्रॅव्हल्स सुटतात तिथे घटकाभर उभे राहा. कोणी म्हातारा नवीकोरी गाडी थापटताना दिसला तर कृपा करून त्याला पेंटबिंट काही म्हणू नका.