कोरिकोस : टांगलेल्या थैलीचा पूर्वेतिहास

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या स्थापत्यग्रंथाच्या पाचव्या खंडात पॅलेस्ट्राची, म्हणजे ग्रीकांच्या कुस्ती व मुष्टियुद्धाच्या आखाड्याची, रचना सांगताना तरुणांच्या प्रशस्त दालनाला लागून उजवीकडे ‘कोरिकिअम’ नावाची खोली नेमून दिली आहे आणि तिच्यापलीकडे अंगाला धूळ चोळण्याची खोली व थंड पाण्याचे स्नानगृह ठेवले आहे. हे नाव ‘कोरिकोस’ या ग्रीक शब्दावरून आले असून कोरिकोस म्हणजे छताला टांगलेली चामड्याची थैली, अर्थात आजच्या पंचिंग बॅगेची पूर्वज होय. थैलीसाठी स्वतंत्र खोली बांधली जात होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण वजन पेलणारे छत आणि थैलीला झोका घेण्यापुरती मोकळी जागा या दोन्हींचा विचार तेथे बांधकामाच्या आराखड्यातच झालेला असे.

या साधनाचे सर्वांत जिवंत चित्र इटलीतील पॅलेस्ट्रिना येथे अठराव्या शतकात सापडलेल्या आणि आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात असलेल्या ‘फिकोरोनी’ पेटीवर आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील या गोल ब्राँझ पेटीवर सोनेरी लोकरीच्या शोधार्थ निघालेल्या वीरांची कथा कोरलेली असून, त्यांतील एक वीर टांगलेल्या थैलीवर ठोसे मारीत असताना शेजारी बसलेला ग्रीक पुराणकथांतील लठ्ठ सायलेनस त्याची नक्कल करीत स्वतःच्याच पोटावर मुठी आपटताना दिसतो.

कोरिकोस टांगण्याचे नियम मात्र पहिलवानांपेक्षा वैद्यांनी अधिक नेमकेपणाने नोंदवले. चौथ्या शतकातील वैद्य ओरिबासिअस याच्या संग्रहात जतन झालेल्या वर्णनानुसार अशक्त माणसासाठी थैलीत अंजिराच्या बिया किंवा पीठ भरावे व सशक्तासाठी वाळू भरावी, तिचा आकार वय आणि ताकद पाहून ठरवावा आणि ती अशा उंचीवर टांगावी की तिचा तळ व्यायाम करणाऱ्याच्या बेंबीशी यावा. थैली प्रथम हळू हलवावी, ती दूर गेली की तिच्यामागे जावे, परत आली की मागे सरून तिला वाट द्यावी आणि पुढे जोर वाढवत न्यावा, असा क्रमही तेथे दिला आहे. तिसऱ्या शतकातील लेखक फिलोस्ट्रॅटस याने व्यायामशास्त्रावरील ग्रंथात आणखी एक भेद केला : मुष्टियोद्ध्याचे केवळ हात तयार व्हायचे असल्याने त्याची थैली हलकी असावी, परंतु पँक्रेशन, म्हणजे ठोसे आणि कुस्ती यांचा मिलाफ असलेला खेळ, खेळणाऱ्याला अंगावर येणाऱ्या थैलीसमोर पाय रोवून उभे राहावे लागते, म्हणून त्याची थैली जड व मोठी असावी. थैलीचे वजन, भरण आणि उंची ही माणसागणिक बदलावीत, हा विचार इतक्या प्राचीन काळी इतक्या स्पष्टपणे मांडला जावा, ही या साधनाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

आधुनिक मुष्टियुद्धाला 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी हातमोज्यांचे बंधन घातले आणि पुढे थैलीवरचा व्यायाम व्यायामशाळेतून घरातही शिरला. परंतु थैली घरी आली तेव्हा तिच्यासाठी योजलेली खोली तिच्याबरोबर आली नाही. लाकडी तुळयांच्या घरांत दोन तुळयांवर आडवा जाड दांडा टाकून वजन विभागता येते. सिमेंट-काँक्रीटच्या सदनिकेत मात्र स्लॅब, तुळई आणि त्याखालचे पीओपीचे खोटे छत यांतील फरक ओळखावा लागतो, कारण खोटे छत मुळीच भार पेलत नाही आणि पंख्याचा हूक पंख्यापुरताच बसवलेला असतो. शिवाय थैलीचा भार स्थिर नसतो. 40 किलोची थैली उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत झुलून खाली आली, तर सर्वांत खालच्या बिंदूशी हुकावर येणारा ताण 80 किलोंच्या वजनाइतका होतो आणि साखळी क्षणभर सैल पडून पुन्हा ताणली गेली, तर बसणारा हिसका त्याहूनही मोठा असू शकतो. थैली झुलता झुलता स्वतःभोवती फिरतेही. म्हणून टांगत्या मल्लखांबाप्रमाणेच येथेही साखळीला पीळ बसू न देणारी फिरती कडी आवश्यक ठरते.

व्हिट्रुव्हियसच्या काळात हा सारा विचार खोली बांधणाऱ्याने केलेला असे. आजच्या इमारतीत ती जबाबदारी टांगणाऱ्यावर येते, आणि एकाचे छत ही वरच्या शेजाऱ्याची जमीनही असल्याने स्लॅबला किंवा तुळईला भोक पाडण्यापूर्वी इमारतीच्या रचनेची माहिती असलेल्या अभियंत्याला अवश्य विचारावे.