समोर उभे आपणच

त्रिमिती चित्राचा जन्म साध्या रेघांतून झाला. जून १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या स्टिरिओस्कोपवरचा निबंध मांडला. काटकोनात बसवलेले दोन आरसे आणि दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची दोन चित्रे: एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे, दुसरे उजव्याला. फोटोग्राफी जगापुढे यायला अजून वर्ष होते. व्हीटस्टन यांनी चित्रांत मुद्दाम नुसत्या बाह्यरेषा ठेवल्या. खोलीचा भास छायाप्रकाशामुळे होतो, असे म्हणायला कुणाला जागा उरू नये, हा हेतू. तरीही आरशात पाहताच सपाट रेघांची घनाकृती होई. मेंदू दोन डोळ्यांच्या दृश्यांतल्या तफावतीतून खोली रचतो, हे त्यातून दिसले.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे बसवून सुटसुटीत उपकरण केले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला ते आवडले आणि बघता बघता ते घरोघरच्या दिवाणखान्यांत पोहोचले. लोक खुर्चीत बसून दूरदेशीची स्मारके पाहू लागले. पण पाहणारा चित्राबाहेरच राही. मान वळवली, की हातातले स्मारकही तिच्याबरोबर वळे.

ही अडचण सुटायला १९६८ साल उजाडावे लागले. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. छताला जोडलेली यांत्रिक दांडी डोक्याची हालचाल मोजे आणि त्यानुसार संगणक चित्र बदले. दिसत काय, तर तारांच्या सांगाड्यासारख्या आकृत्या. पण आभासासाठी दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवण्यापेक्षाही डोके हलताच दृश्य बदलणे महत्त्वाचे, असे सदरलँड यांनी तेव्हाच लिहून ठेवले. उपकरणांच्या या घराण्याचा खरा गुण त्यांनी नेमका हेरला होता: मन वळते ते चित्र शरीराला साथ देते तेव्हा.

मनोपचारात हा गुण १९९५ मध्ये कामी आला. बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांच्या गटाने उंचीची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना आभासी पूल, गच्च्या आणि काचेच्या लिफ्टमध्ये उभे केले. चित्रे ओबडधोबड होती, तरी धडधड खरी होती. आणि सरावाने भीतीही ओसरली. इथवर दृश्य परके होते. त्यात पाहणाऱ्याचे स्वतःचे शरीर उतरले ते दुसऱ्याच वाटेने.

ती वाट रबरी हातावरून गेली. १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि जोनाथन कोहेन यांनी लोकांचा खरा हात पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी बारीक ब्रश फिरवले. काही मिनिटांत लोकांना तो स्पर्श रबरी हातावरच होतोय असे वाटू लागले. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ओलाफ ब्लांके यांच्या गटाने हीच युक्ती सबंध देहावर वापरली. माणसाच्या मागे कॅमेरा लावला आणि त्याला हेडसेटमध्ये स्वतःचीच पाठ दोन मीटर पुढे, त्रिमितीत दाखवली. पाठीवर काठी फिरे, तशीच समोरच्या पाठीवरही फिरताना दिसे. नंतर डोळे बांधून त्याला मागे सरकवले आणि मूळ जागी परत जायला सांगितले, तर तो त्या प्रतिमेच्या दिशेने पुढे जाऊन थांबे. स्वतःच्या पाठीऐवजी दुकानातल्यासारखा पुतळा दाखवला तरी असेच होई. नुसता ठोकळा दाखवला तर मात्र नाही. म्हणजे समोरचा देह आपला वाटायला हुबेहूबपणा लागत नव्हता. माणसासारखा आकार आणि वेळेचा मेळ पुरेसा होता.

मग आपलाच चेहरा कशाला हवा? त्याचे उत्तर स्टॅनफर्डमधून आले. २००९ मध्ये जेसी फॉक्स आणि जेरेमी बेलेन्सन यांनी लोकांच्या फोटोंवरून त्यांच्या आभासी प्रतिमा बनवल्या. स्वतःची प्रतिमा ट्रेडमिलवर धावताना पाहिलेल्यांनी पुढच्या चोवीस तासांत जास्त व्यायाम केला. परक्याला धावताना पाहिलेल्यांवर तेवढा परिणाम झाला नाही. २०११ मध्ये हाल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी तरुणांना आभासी आरशात त्यांचेच म्हातारपण दाखवले. अचानक १,००० डॉलर मिळाले तर निवृत्तीसाठी किती ठेवाल, असे विचारल्यावर म्हातारा चेहरा पाहिलेल्यांनी सरासरी १७२ डॉलर सांगितले, आजचाच चेहरा पाहिलेल्यांनी ८०. उपदेश एका शब्दाचाही नव्हता.

२०१५ मध्ये बार्सिलोनात मेल स्लेटर यांच्या गटाने परका देह आपला वाटणे आणि आपलीच प्रतिमा समोर पाहणे, हे दोन्ही धागे एकत्र गुंफले. माणसाचे अख्खे शरीर स्कॅन केले. त्याने आपल्या प्रतिमेत शिरून मनातली अडचण बोलून दाखवायची. मग समोरच्या मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडच्या देहात जायचे, तिथून स्वतःला बोलताना पाहायचे आणि सल्ला द्यायचा. पुन्हा स्वतःत परतून तो सल्ला बदललेल्या आवाजात ऐकायचा. सल्लागाराच्या जागी स्वतःचीच दुसरी प्रत असताना झाले त्यापेक्षा फ्रॉइड असताना मन अधिक हलके झाले. अडचण सांगणारा हुबेहूब आपल्यासारखा हवा, पण तिच्यावर उपाय सुचवायला परके अंग बरे पडते.

याच घराण्यात एक धोक्याचा वंशजही आहे. स्टॅनफर्डमध्येच कॅथरिन सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्यांची स्वतःची प्रतिमा व्हेल माशांबरोबर पोहताना दाखवली. काही दिवसांनी त्यातल्या बऱ्याच मुलांना आपण खरेच तसे पोहलो असे आठवू लागले. जाहिरातीत ग्राहकाचाच चेहरा वापरला तर माल त्याला अधिक पसंत पडतो, हेही अशाच प्रयोगांत दिसले आहे. बचत शिकवणारी प्रतिमा खर्चही शिकवू शकते, आणि दोन्ही वेळा माणसाला वाटते की विचार आपलाच होता. तेव्हा स्कॅन कुणाकडे राहील आणि त्या प्रतिमेकडून कोणते काम करून घेतले जाईल, हे ठरवण्याचा हक्क ज्याचे शरीर आहे त्याच्याकडेच असला पाहिजे. आणि मुलांच्या बाबतीत तर हा नियम हेडसेट डोक्यावर चढण्याआधीच लागू व्हायला हवा.