दोन मेंदू, एक ताल : बर्गर यांच्या तारेपासून घरगुती यंत्रांपर्यंत

वाचकहो, आजचा धागा एका कल्पित खोलीतून सुरू करू. दिव्यात एक तरुण डोक्याला तारांची पट्टी बांधून बसला आहे. त्याचा मित्र सावंतवाडीला, तशीच घरी बनवलेली पट्टी बांधून. दोघांच्या मेंदूचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी उमटतात आणि चक्क एका तालात हलतात. अशी यंत्रे घरच्या घरी जुळवून ‘दूरचे दोन मेंदू जोडले’ असे सांगणारे हौशी लोक आज जगभर आहेत. हा दावा मात्र नवा नाही. त्याचे मूळ एका घोड्याच्या उधळण्यात आहे.

१८९० च्या दशकाच्या आरंभी हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करी सेवेत होता. सरावात घोडा उधळला आणि तो तोफगाड्याच्या चाकासमोर फेकला गेला, थोडक्यात बचावला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली : कुशल आहेस ना? दूर घरी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्याची तीव्र जाणीव झाली होती आणि तिनेच तार करण्याचा आग्रह धरला होता. आपल्या भीतीने बहिणीच्या मनापर्यंत मजल मारली, अशी बर्गर यांची आयुष्यभराची खात्री झाली. मनाची ही ऊर्जा मोजता येईल का, या ध्यासाने ते मानसोपचाराकडे वळले.

६ जुलै १९२४ रोजी येना येथे त्यांनी मानवी मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख नोंदवला. स्वतःवरच विश्वास बसत नसल्याने प्रसिद्ध केला तो थेट १९२९ मध्ये. आज ज्याला आपण ईईजी म्हणतो आणि अपस्माराच्या निदानासाठी ज्याचा रोज उपयोग होतो, ते हेच तंत्र. हाती आलेली लहर मात्र मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याइतकी क्षीण होती. ती कवटीबाहेर शेकडो मैल जाणे अशक्य, हे बर्गर यांनाही उमगले. तरीही १९४० मध्ये त्यांनी परचित्तज्ञानावर पुस्तिका लिहिलीच. (नाझी राजवटीतील त्यांचे वर्तन हा वेगळ्या आणि कटू धाग्याचा विषय.)

बर्गर यांच्या अल्फा लहरीतच पुढच्या साऱ्या घोळाचे बीज आहे. सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची ही लहर डोळे मिटून स्वस्थ बसले की बहुतेकांत उसळते. म्हणजे दिव्याच्या फलाटावर एकाने आणि कल्याणच्या फलाटावर दुसऱ्याने डोळे मिटले, तरी दोन्ही आलेख एकमेकांसारखे दिसू लागतील. १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जुळ्या भावंडांवरील एक प्रयोग छापून आला : एकाने डोळे मिटताच दुसऱ्या खोलीतील भावंडात अल्फा उमटतो का? १५ पैकी २ जोड्यांत तो उमटल्याचा दावा होता. उरलेल्या १३ जोड्यांची आठवण सहसा कोणी काढत नाही.

कॅनडातील लॉरेन्शियन विद्यापीठाचे मायकेल पर्सिंजर यांनी या कल्पनेला घरगुती रूप दिले. प्लॅस्टिकच्या कड्याभोवती तार गुंडाळायची, आर्डुइनोने तिच्यात फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे आणि अशी कडी दोघांच्या डोक्यांभोवती ठेवायची. ६,००० किलोमीटरहून अधिक अंतरावरील जोड्यांचे मेंदू यामुळे एकमेकांशी जुळतात, असे त्यांच्या गटाने २०१५ मध्ये लिहिले. त्यांच्याच आधीच्या गाजलेल्या चुंबकीय शिरस्त्राणाची स्वीडनमध्ये कसून परीक्षा झाली होती. क्षेत्र चालू आहे की बंद, हे ना सहभागींना ठाऊक, ना प्रयोग घेणाऱ्यांना. २००५ मध्ये छापलेला निष्कर्ष असा : अनुभव येतात ते चुंबकामुळे नव्हे, सहज प्रभावित होण्याच्या स्वभावामुळे.

आता आपल्या दोन मित्रांकडे येऊ. घरगुती उपकरणाच्या तारा भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हमखास टिपतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले आणि तेव्हापासून सारा भारत एकाच ठेक्यावर चालतो. पडद्यावर जे ‘जुळले’, ते बहुधा दोन मेंदू नसून दोन घरांतली वीज! ही गुणगुण गाळली नाही, तर डोक्याऐवजी दोन कलिंगडांना पट्ट्या बांधल्या तरी ती जुळतील.

दूरचे मेंदू खरोखर जोडले गेले, तेही आपल्याच देशातून. मार्च २०१४ मध्ये तिरुवनंतपुरम येथे एक जण हात किंवा पाय हलवल्याची केवळ कल्पना करी. ईईजी त्यातून १ किंवा ० ओळखे. तो अंक इंटरनेटने फ्रान्समधील स्ट्रासबर्गला जाई. तिथे डोळे बांधून बसलेल्यांच्या मेंदूमागील भागाला चुंबकीय ठोका दिला जाई. त्यांना प्रकाशाची चमक जाणवली तर १, नाही तर ०. ‘ओला’ आणि ‘चाओ’ अशी परकी अभिवादने त्यातून पोहोचली. वेग होता मिनिटाला सुमारे २ बिट. मधली वाट कोणीही लपवली नव्हती : ती इंटरनेटची होती, जशी बर्गर यांच्या वेळी तारायंत्राची होती.