द्राक्षवेलीचा हिवाळा

माकुणसारच्या शाळेत नकाशा उघडून पालघर आणि नाशिक शोधायला सांगितले, तर मुलांना एक नवल दिसेल. दोन्ही ठिकाणे विसाव्या अक्षांशाच्या आसपासच आहेत. सूर्य दोघांना जवळजवळ सारखाच मिळतो. मग नाशिककडे द्राक्षमळे आणि केळवे-माहीमच्या पट्ट्यात पानवेल, असे का? याचे उत्तर भूगोलात आहे, तसेच ते इतिहासातही आहे.

द्राक्षवेल वाढली ती समशीतोष्ण प्रदेशात. युरोपात शरदात तिची पाने गळतात, हिवाळाभर ती निजते, वसंतात कोंब फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळे काढतात. आपल्याकडे वेलीला झोपवील एवढी थंडी नाही. मग तिचा हिवाळा आणायचा कुठून? आपल्या शेतकऱ्यांनी तो कात्रीने आणला. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की नव्या काड्या फुटतात व उन्हाळ्याच्या भरपूर उजेडात त्यांच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडांची घडण होते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. त्या डोळ्यांतून घड बाहेर पडतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात. छाटण्या दोन, पीक मात्र एकच.

नाशिक जिल्ह्यात १९२५ च्या सुमारास ओझरचे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षशेतीचा पाया घातला. ही खाण्याची द्राक्षे होती. वाईनची वाट पुढे १९८० च्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांनी घातली. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाईनच्या जातींची लागवड केली, आणि २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यानंतर जी कुटुंबे या धंद्यात उतरली, त्यांत निफाडजवळच्या कुंदेवाडीचे यतीन व किरण पाटील हे दांपत्य होते. त्यांनी आपल्या मळ्यात इटलीच्या जाती लावल्या.

कुंदेवाडीचे नाव आपण हिवाळ्यात बातम्यांत ऐकतो. तिथल्या गहू संशोधन केंद्रात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद पुष्कळदा होते. डिसेंबर २०१८ अखेर तिथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. थंड रात्री व उबदार, कोरडे दिवस यांत फळाची आम्लता टिकते आणि साखरही भरते. पण थंडी अती झाली की मण्यांना तडे जातात. मग बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थंडी हवी, पण मापात.

आता घाट उतरून खाली येऊ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, सह्याद्रीच्या पावसाआड. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. पालघरच्या किनाऱ्यावर तो २००० मिलिमीटरच्या वर जातो आणि हवा बाराही महिने दमट. ओल्या पानांवर केवडा रोगाची बुरशी झपाट्याने पसरते. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाच्या अवकाळी पावसाने नाशिकच्या बागांनाही याच रोगाने झोडपले होते. चार दिवसांच्या पावसाने तिथे हे होते, तर माकुणसारला काय होईल? उलट पानवेलीला सावली आणि ओलावाच हवा. तिचे पीक फळ नव्हे, पान आहे. वेली दोन, त्यांच्या गरजा मात्र अगदी उलट.

म्हणून किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका दांपत्याची निवड आपल्याला शिकण्याजोगी वाटते. बोर्डीचे प्रियांका सावे व नागेश पै यांनी वाईन करायची ठरवली, पण त्यासाठी द्राक्षे लावली नाहीत; हाताशी असलेला चिकू घेतला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. किण्वाला साखर हवी असते. ती द्राक्षातली की चिकूतली, याची त्याला फिकीर नसते. साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड होण्याची क्रिया दोन्हीकडे तीच.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. वर्षभर माकुणसारचा पाऊस आणि रोजचे किमान तापमान मुलांनी नोंदवावे, निफाडचे आकडे वर्तमानपत्रातून घ्यावेत आणि दोन्ही आलेख शेजारी मांडावेत. नव्या पिकाची जाहिरात पाहून घरची वाडी मोडायला निघालेल्या माणसाला हे दोन आलेख वेळीच सावध करतील. पाटलांनी आपली हवा ओळखली, सावे-पै यांनी आपली. मुलांनी आपल्या गावची हवा ओळखावी, एवढेच आपल्याला शिकवायचे आहे.