कुशारे, सर्वेश अनिल

कुशारे, सर्वेश अनिल : (१७ जून १९९५– ). उंच उडीतील भारतीय क्रीडापटू. जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत या क्रीडाप्रकाराची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील देवगाव येथील शेतकरी कुटुंबातून तो पुढे आला.

उंच उडीत खेळाडूने एका पायावर झेप घेऊन आडवी दांडी न पाडता ओलांडावयाची असते. लागोपाठ तीन प्रयत्न फसल्यास तो स्पर्धेबाहेर जातो. दांडीपलीकडील उतरण्याची जागा ही सकृद्दर्शनी दुय्यम बाब वाटली, तरी या क्रीडाप्रकाराचा इतिहास बऱ्याच अंशी तिनेच घडविला आहे. उडी वाळूत पडत असे, तोवर पायांवर किंवा हातापायांवर उतरता येईल अशाच पद्धती प्रचलित होत्या. फोमच्या जाड गाद्या वापरात आल्यानंतर पाठ दांडीकडे करून उडी घेण्याची पद्धत शक्य झाली. डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिचा अवलंब करून २·२४ मी. उडीने सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून ती सर्वत्र रूढ झाली. या पद्धतीत शरीराचा भार खांदे व पाठ यांवर येत असल्यामुळे गादीवाचून सराव करणे धोक्याचे ठरते. ग्रामीण शाळांपुढील मुख्य अडचण हीच होय.

देवगाव येथील क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचे भुसकट, कापूस इ. सहज मिळणाऱ्या वस्तूंची गादी तयार करून या अडचणीवर मात केली. कुशारेचा आरंभीचा सराव तीवरच झाला. पुढे तो भारतीय भूसेनेत दाखल झाला.

काठमांडू येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत (२०१९) त्याने २·२१ मी. उडी घेऊन सुवर्णपदक पटकाविले. गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत (२०२२) त्याने २·२७ मी. उंची पार केली. बँकॉक येथील आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत (२०२३) २·२६ मी. उडीने त्यास रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तितकीच उडी घेऊनही तो चौथा आला व त्याचे पदक हुकले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) तर त्यास पात्रता फेरीत २·१५ मी.च्या पुढे जाता आले नाही. या अपयशानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकिओ येथील जागतिक स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली आणि २·२८ मी. ही तोवरची वैयक्तिक सर्वोत्तम उडी घेऊन सहावा क्रमांक मिळविला. तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये प्रस्थापित केलेल्या २·२९ मी. या राष्ट्रीय उच्चांकापेक्षा ती केवळ एक सेंमी.ने कमी होती.

२·२७ पासून २·२८ मी.पर्यंतच्या एका सेंमी.साठी कुशारेला तीन वर्षे लागली. शिखराजवळची प्रगती अशीच मंद असते, हे या प्रकारातील श्रेष्ठ खेळाडूंच्या चरित्रांवरूनही दिसून येते. बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्तादिनोव्हा हिने १९८७ मध्ये रोम येथे स्थापिलेला २·०९ मी.चा महिलांचा जागतिक उच्चांक सदतीस वर्षे अबाधित राहिला. २०२४ मध्ये युक्रेनच्या यारोस्लाव्हा माहुचिखने २·१० मी. उडी घेऊन तो मोडला. अशा अजोड खेळाडूसही १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकावर समाधान मानावे लागले आणि १९९२ मध्ये बार्सेलोना येथे ती चौथी आली. ऑलिंपिक सुवर्णपदक तिला १९९६ मध्ये अटलांटा येथे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी लाभले. कुशारेही जागतिक अंतिम फेरीत पोहोचला, तो वयाची तिशी गाठल्यावरच.

कुशारेच्या कारकीर्दीचे महत्त्व त्यामुळे केवळ पदकांपुरते मर्यादित नाही. अंगच्या गुणांना दीर्घ सातत्याची जोड लागते. परंतु हे गुण प्रकट होण्यासाठी निर्धास्तपणे उतरता येईल अशी जागा शालेय वयातच उपलब्ध असणे आवश्यक असते, हे तीवरून स्पष्ट होते. देवगावात ती एका शिक्षकाच्या कल्पकतेने निर्माण झाली. जेथे अशी सोय नसते, तेथील गुणी मुले उंच उडीकडे वळण्यापूर्वीच तिला अंतरतात.